आन्देने न दाखवलेले फोटो

माझा नवरा आन्दे जन्मला रेनडिअर पाळणाऱ्यांच्या घरात, पण त्याचं लक्ष कायम वर. कळप एकीकडे आणि हा आभाळाकडे तोंड करून उभा. शेवटी सासऱ्यांनी कपाळाला हात लावला आणि कळप धाकट्याला, नीलासला दिला. आन्दे शाळेची बस चालवू लागला आणि हिवाळाभर ध्रुवप्रकाशाचे फोटो काढू लागला. उणे तीसमध्ये कॅमेऱ्याची बॅटरी काखेत उबवत, लेन्सवर वाफ धरू नये म्हणून श्वास रोखून तासन्‌तास उभा राहायचा. एकेका फोटोला अर्धा मिनिट लागायचं; तेवढ्यात कुणी दिवा घेऊन चाललं, तर फोटोत त्याची रेघ उमटायची.

"एवढं निरखून माझ्याकडे कधी पाहिलंस का रे?" मी विचारायचे.

"तू हिरवी कुठे होतेस?" तो म्हणायचा.

आमच्याकडे घरचं माणूस गोठलेल्या तळ्यावर असेल, तर तळ्याकडचा दिवा विझवत नाहीत. त्या फेब्रुवारीत नीलास तळ्यापलीकडे कळपावर होता. "बहुतेक उद्याच येईन," असं फोनवर म्हणाला होता. त्यातलं 'बहुतेक' आम्ही सोयीनं विसरलो.

रात्री आभाळ लालभडक झालं. असं दहा-वीस वर्षांत एखाद्या वेळी होतं. आन्दे बाहेरून ओरडला, "रिस्तेन, दिवा घालव! बर्फावर पिवळं पडतंय!"

"अरे, पण नीलास..."

"तो उद्या येणार! दहाच मिनिटं!"

बटण मी दाबलं. दहाची चाळीस मिनिटं झाली.

नीलासची बर्फावरची स्कूटर वाटेत बंद पडली होती. डोक्याला विजेरी बांधून तो आमच्या दिव्याच्या रोखानं चालत होता. दिवा गेला, तसा तो तळ्याच्या दुसऱ्या काठावरच्या एका दिव्याकडे वळला. तिथे बर्फाखाली पाणी साचलेलं. पाय अडकला, तो उपसताना हातमोजे भिजले. सकाळी सापडला. उजव्या हाताची चार बोटं गोठून गेली, रेनडिअरवर फास टाकायचा तोच हात.

इस्पितळात त्यानं विचारलं, "दादा, दिवा दिसेनासा झाला रे. वीज गेली होती का?"

"हो," आन्दे म्हणाला. मी शेजारी उभी होते, मीही गप्प बसले. त्याची मला आजही लाज वाटते.

तेव्हापासून नऊ वर्षं दर उन्हाळ्यात आन्दे नीलासच्या पाडसांच्या कानांवर त्याच्या मालकीची खूण कापायला जातो. आन्देचा हात अजून बसलेला नाही. नीलास चिडवतो, "दादा, ही माझी खूण की उंदरानं कुरतडलंय?" सगळे हसतात. आन्दे घरी येऊन जेवत नाही. कॅमेरा त्यानं पुन्हा बाहेर काढला नाही.

परवा नीलास कॉफी प्यायला आला आणि सहज म्हणाला, "त्या रात्री आभाळ लाल होतं म्हणे. मी मेला खालीच बघत होतो. फोटो असेल ना? दाखव की."

आन्देनं माझ्याकडे पाहिलं. "दाखव," मी म्हटलं. "आता पुरे झालं."

त्यानं कपाटाच्या तळातून त्या रात्रीचे तीन फोटो काढून टेबलावर ठेवले. पहिल्यात अंगणातला बर्फ आमच्या दिव्यानं पिवळा, आणि दूर तळ्यावर एक बारीक उजेडाची रेघ, आमच्याकडे येणारी. दुसऱ्यात बर्फ काळा, रेघेच्या जागी नुसता ठिपका, थांबलेला. तिसऱ्यात रेघ उजवीकडे निघालेली.

"वीज गेली नव्हती," आन्दे म्हणाला. "दिवा मी विझवायला लावला."

नीलासनं पहिला फोटो जवळ ओढला. त्या रेघेवर उरलेला अंगठा ठेवला.

"हा मी ना?"

"हो."

त्यानं अंगठा रेघेवरून अंगणातल्या पिवळ्या बर्फापर्यंत सरकवला.

"बघ," तो म्हणाला, "सरळ घरीच येत होतो की रे, दादा."