बिनतिकिटाची सुरत

माझ्या एका खोट्यामुळे एक म्हातारी समुद्राच्या काठापर्यंत आली आणि समुद्र न पाहता परत गेली. ही गोष्ट मी छत्तीस वर्षे कोणाला सांगितली नाही. त्या चुकीचा दोष ज्यांच्या माथी बसला, त्या मामांबद्दल आज लिहितो आहे. त्यांचे गुण सांगावेत एवढाच हेतू असता, तर हे लिहायला इतकी वर्षे लागली नसती.

ते माझे सख्खे मामा नव्हते. आईच्या माहेरगावचे, म्हणून आईने त्यांना भाऊ मानले. पुढे बमरोलीच्या आमच्या खोल्यांच्या ओळीत लहानथोर सगळेच त्यांना मामा म्हणू लागले. पांडेसऱ्यातल्या एका रंगाच्या मिलमध्ये ते कामाला होते. नखांच्या कडांना कायम निळसर-जांभळी रेघ असे, ती कितीही घासली तरी जात नसे. पण आमच्या भागात त्यांची ओळख मिलमुळे नव्हती. खानदेशातून कोणाकडेही पाहुणा आला की त्याला सुरत दाखवण्याचे काम मामांचे. त्यात त्यांची एकच अट असे. तिकीट काढावे लागेल अशा कोणत्याही ठिकाणी ते पाऊल ठेवत नसत.

याचे कारण एकदा मी विचारले होते. मामा पायातली चप्पल झटकत म्हणाले, "भाचा, ज्या जागाले दार शे, तठे दारवर एक माणूस बशेल ऱ्हास. तो आपलं धोतर पाहस, मंग आपलं तोंड पाहस. पाव्हनाले तेवढं कशाले दाखाडानं?" हे वाक्य मी तेव्हा विनोद म्हणून मित्रांना सांगितले होते. आता ते आठवले की मान वर होत नाही.

मामांची सुरत तापीच्या ओवाऱ्यापासून सुरू होई. नदीकाठच्या त्या पायऱ्यांवर पाहुण्यांना बसवून ते म्हणत, "पाय बुडवा. हाई आपलंच पानी शे, तुमना गावहून निंघेल. तुमना आगोदर पोचनं." मग जुन्या पुलावरून चालत पलीकडे आणि परत. मग भागळच्या मिठाईच्या दुकानांसमोरून अगदी सावकाश चालणे. दिवस घारीचे, म्हणजे तुपात घोळलेल्या सुरती मिठाईचे असले, तर तुपाचा वास रस्त्यावर आलेला असे. मामा मागे वळून सांगत, "श्वास खोल ल्या. वास फुकट शे." बायका पदर तोंडाशी धरून हसत, पण श्वास मात्र खोल घेत.

कापड बाजारात मामांचा खरा रुबाब दिसे. एका उंच मार्केटमध्ये ते सगळ्यांना लिफ्टने वर नेत आणि जिन्याने उतरवत, म्हणजे प्रत्येक मजला पाहून होई. काचेआड टांगलेल्या साड्यांसमोर उभे राहून ते रंग ओळखत. "हाऊ आपला. हाऊ शेजारना मिलना. हाऊ बिघडेल शे, पन गिऱ्हाईकले समजत नही." एकदा एका शेठने गादीवरूनच विचारले, "काका, लेवानुं छे के खाली जोवानुं?" घ्यायचे आहे की नुसते पाहायचे, असा त्याचा प्रश्न. मामांनी तेवढ्याच मोठ्या आवाजात उत्तर दिले, "जोवानुं, शेठ! रंग तो अमारो ज छे." शेठ हसला आणि त्याने सगळ्यांना थंड पाणी पाजले. गावाकडच्या त्या माणसांना दुकानदाराने आपणहून दिलेले पाणी हीच सुरतेची आठवण म्हणून पुरत असे.

तिथून कतारगामकडे, इंग्रज आणि डच लोकांच्या जुन्या थडग्यांपाशी. घुमट, खांब, पडझड, आणि सावलीत निजलेली कुत्री. पाहुण्यांना ते एखादे देवस्थान वाटे आणि कोणीतरी हात जोडून मोकळे होई. मामा त्यांना अडवत नसत. "हाई बी पाव्हनाच व्हतात," ते म्हणत. "व्यापारसाठे उनात. घर जाई नही शकनात." गाव सोडून मिलमध्ये पंचवीस वर्षे काढलेल्या माणसाचे ते बोलणे होते, हे मला फार उशिरा कळले.

शेवट मात्र समुद्र. मगदल्ल्याकडे जाणारा कोणा ओळखीच्याचा टेम्पो ठरवलेला असे आणि मंडळी डुमसच्या काळ्या वाळूवर उतरत. ज्यांनी हा किनारा पाहिला आहे त्यांना ठाऊक असेल, इथला समुद्र दिवसभर जागेवर राहत नाही. ओहोटीला तो इतका आत जातो की नजर पोचेल तिथवर नुसता चिखल दिसतो. म्हणून वेळ साधावी लागते. एका म्हाताऱ्या मच्छीमाराने मामांना तिथीवरून भरती काढायला शिकवले होते. पुनवेला-अवसेला दुपारी, अष्टमीला सकाळी आणि संध्याकाळी, मधल्या तिथींना रोज पाऊण तास पुढे. अंगठा बोटांच्या पेरांवर फिरवत मामा हिशेब करत आणि शेवटच्या पेरावर थांबून वेळ सांगत. तो अंगठा कधी चुकला नाही. पाहुण्यांना घेऊन ते वाळूवर पोचत तेव्हा पाणी समोर उभे असे, जणू मामांनीच बोलावले आहे.

त्या वर्षी त्यांची आई आली. तिचे गाव तापीच्या काठावर. सत्तर वर्षे तिने त्या नदीतून पाणी भरले, धुणी धुतली, तिथेच नवऱ्याची राख सोडली. गुडघे गेले होते. पुन्हा सुरतेला येणे होणार नाही हे तिला कळत होते. ती आली ती एकाच कामासाठी. तिने एका फडक्यात खण, नारळ, हळदकुंकू आणि मूठभर दादर ज्वारी बांधून आणली होती. आईने विचारले, तेव्हा ती म्हणाली, "तापी आमनी लेक शे ना बाई. जनमभर आमना दारवरथून सासरे जास. तिनं सासर मी कधी पाह्यं नही. एकदाव तिनी ओटी भरसू, मंग मी मोकळी."

रविवारी मामांना सुट्टी होती आणि सोमवारी सकाळच्या पॅसेंजरने म्हातारी परत जाणार होती. म्हणजे एकच दिवस. एरवी मामा स्वतःच्या अंगठ्यावर निभावून नेत. पण ही आई होती. त्यांना खात्री हवी होती. बंदराची भरती-ओहोटी गुजराती वर्तमानपत्रात छापून येते हे त्यांना माहीत होते. गुजराती अक्षर त्यांना येत नव्हते. मी कॉलेजात होतो. ते म्हणाले, "भाचा, तू छापेल पाही ये. आणि रविवारले तू संगे चाल. तिना हात धराले कोनी पाहिजे."

मी वर्तमानपत्र पाहिले. ही गोष्ट मला स्पष्ट लिहिली पाहिजे, कारण नंतर अनेक वर्षे मी स्वतःलाही असे सांगत असे की मी घाईत चुकीची ओळ वाचली. मी योग्य ओळ वाचली होती. रविवारी भरती सकाळी नऊच्या सुमारास होती. त्याच सकाळी कॉलेजातल्या एका मित्राने अडाजणला आपल्या घरी बोलावले होते. त्या मित्रांना मी बमरोलीत राहतो हे ठाऊक नव्हते. मी वडिलांना मिलचे कामगार न म्हणता कापडाच्या धंद्यातले म्हणत असे. गाठोडे घेतलेल्या म्हातारीचा हात धरून टेम्पोतून उतरताना त्यांच्यापैकी कोणी मला पाहील, ही भीतीही मनात होतीच. भर दुपारच्या उन्हात डुमसला त्यांच्यापैकी कोणी येण्याचा संभव नव्हता. मी मामांना सांगितले, "भरती दुपारी तीनला आहे."

मामांचा अंगठा पेरांवर फिरू लागला. "पन रविवारले अष्टमी शे ना? अष्टमीले सकायना ऱ्हास."

"मामा, छापलेलं खोटं असतं का?" मी म्हणालो. "बोटं मोजून काय होतंय? यंत्राने काढतात ते."

अंगठा थांबला. मामा हसले. "बरं. तू शिकेल माणूस शे. तीन तर तीन."

दुपारी तीनला आम्ही डुमसला उतरलो. समुद्र नव्हता. किनाऱ्यापासून क्षितिजापर्यंत ओला करडा चिखल पसरला होता, त्यात दोन-तीन होड्या कलंडून पडल्या होत्या, आणि फार दूर एक बारीक चकाकती रेघ होती. ते पाणी आहे की ऊन हे ठरवता येत नव्हते. म्हातारीने कपाळावर हात धरून पाहिले. तिला दूरचे दिसत नव्हते. ती चिखलाच्या कडेपर्यंत माझा हात धरून गेली, एक पाऊल टाकले, तोच पाय घोट्यापर्यंत आत गेला. मी तिला मागे ओढले. टेम्पोवाल्याला पाचला निघायचे होते. सुट्टी संपून मामांची रात्रपाळी त्याच रात्री सुरू होणार होती. पाणी परत यायला संध्याकाळ उलटणार होती.

"मनंच गणित चुकनं, माय," मामा म्हणाले. सगळ्यांसमोर, मोठ्याने. "वय झाये मनं."

म्हातारीने फडके सोडलेच नव्हते. ते तिने पुन्हा कमरेला खोचले. चिखल पुसता पुसता ती एवढेच म्हणाली, "लेक घर नही. ऱ्हाऊ दे." मी तिच्या शेजारी उभा होतो. तिचा हात माझ्या हातात होता. तेव्हाही मी बोललो नाही.

ती त्याच हिवाळ्यात गेली. खण, नारळ आणि दादर ज्यात होते ते फडके तिच्या उशाशी सापडले, असे गावाहून आलेल्या माणसाने सांगितले.

त्यानंतर मामांनी पाहुण्यांना समुद्र दाखवणे बंद केले. ओवारा, भागळ, मार्केट, थडगी, आणि मग परत. कोणी आग्रह केला तर म्हणत, "दर्याशी मनं आते जमत नही." आमच्या ओळीतल्या लोकांना हे चेष्टेला चांगले सापडले. "मामांचा दर्या आटला," "सख्ख्या मायले चिखल दाखाडी आना," असे कोणी तोंडावर म्हणे. मामा हसण्यात सामील होत. मीही हसलो आहे, एकदा नव्हे, पुष्कळदा. हळूहळू लोकांनी त्यांना बोलावणेच सोडले. पाहुण्यांनाही आता तिकिटाची ठिकाणे हवी होती. सुट्टीच्या दिवशी मामा ओट्यावर बसून राहत. अंगठा पेरांवर फिरत असे, पण वेळ विचारणारे कोणी नसे.

मी शिकलो, एका महाविद्यालयात ग्रंथपाल झालो, बमरोली सोडली. रोज सकाळी वर्तमानपत्रे माझ्याच टेबलावर येतात. भरती-ओहोटीची ती चौकट मी कधी वाचत नाही. घडी घालतो आणि दांडीला अडकवतो. सणावाराला मामांकडे जात असे, नंतर तेही कमी केले. त्यांच्यासमोर बसणे जमत नसे, आणि कामाचे निमित्त कायम हाताशी असे.

चार महिन्यांपूर्वी मामांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. मला निरोप आला होता. मी गेल्या आठवड्यात गेलो.

मामी भिंतीला टेकून बसल्या होत्या. चहा झाला. त्या म्हणाल्या, "सगळं समजस त्यासले. फक्त बोलता येत नही." मग मामांच्या जुन्या सुरतेच्या गोष्टी निघाल्या आणि मी, कशाने कोण जाणे, म्हणालो की त्या रविवारी मामांचे गणित चुकले नव्हते.

"माले ठाऊक शे," मामी म्हणाल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलेही नाही. "त्यासलेबी ठाऊक व्हतं. दुसरा दिवस मिलना रंगमास्तरकडथून पेपर वाची लिधा त्यासनी. नऊ वाजता लिखेल व्हतं."

"मग मला काही बोलले का नाहीत?"

"मी बी तेच सांगं. म्हनेत, पोऱ्या शिकी ऱ्हायना. लोकेस्ना समोर त्यानी मान खाली जाई. मनी माय ते आते परत येत नही." मग त्या पुढे म्हणाल्या, "वाट पाहेत तुनी. येसी, सांगसी, अशी. सणले तू उना का बाहेर ओटावर बसेत, एकला बोलता यावं म्हनीसन. मंग तू चहा पीसन निंघी जायेस."

मामा आतल्या खोलीत खाटेवर होते. मला पाहून त्यांचे डोळे हलले. तोंड एका बाजूला ओढले गेले होते, त्यामुळे ते हसत होते की नाही हे मला सांगता येणार नाही. नखांच्या कडांची निळी रेघ आता उरली नव्हती. डावा हात पांघरुणावर होता आणि त्याचा अंगठा पेरांवरून सावकाश फिरत होता. ज्या दिवसांत ते मला उत्तर देऊ शकत होते, रागावू शकत होते, माफ करू शकत होते, ते सगळे दिवस मी घालवले होते. आता जे बोलेन ते फक्त माझे राहणार होते.

मी खाटेशी खाली बसलो आणि शेजारच्या खोलीत मामींना ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणालो, "मामा, त्या रविवारी अष्टमी होती. तुमचा अंगठा बरोबर होता. पेपरात सकाळी नऊ छापलं होतं, मी ते वाचलं होतं, आणि मला तुमच्याबरोबर दिसायची लाज वाटत होती म्हणून तुम्हाला तीन सांगितलं. तुमच्या मायची ओटी माझ्यामुळे राहिली. मी चुकलो, मामा. मला माफ करा."