राखणदार कोणत्या विभागात बसतो

मराठीतल्या आधुनिक अद्भुत कादंबरीचं भवितव्य वर्ध्यात एका दुपारी ठरलं. ठरवणारे आम्ही तिघं होतो. जेवणं नुकतीच झाली होती, आणि दोघांचे डोळे मिटलेले होते.

जिल्ह्याच्या साहित्य स्पर्धेत त्या वर्षी प्रथमच 'अद्भुत' असा विभाग निघाला. परीक्षक म्हणून एक प्राध्यापक, पवनारकडचे एक निवृत्त मुख्याध्यापक आणि मी. मुख्याध्यापकांना सगळे गुरुजी म्हणत. माझी निवड का झाली हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर बहुधा रद्द झाली असती.

प्राध्यापक नागपूरच्या एका कार्यशाळेहून तक्ता घेऊन आले होते. त्यात अद्भुत साहित्याचा सगळा विकास बाणांनी दाखवला होता. आधी राजे, तलवारी आणि लांबचा प्रवास, हे महाद्भुत. मग जादू शहरात आली आणि भाड्याच्या खोलीत राहू लागली. हे नागर अद्भुत. मग सगळ्यांचे स्वभाव बिघडले, राजांचे हातपाय तुटू लागले, हे काळोखी. आणि अगदी अलीकडचं उबदार अद्भुत. त्यात चेटकीण चहाचं दुकान टाकते आणि शेवटपर्यंत काही घडत नाही. "हाच विकासाचा सर्वोच्च टप्पा," असं प्राध्यापक म्हणाले. उबदारपणाचं एवढं कौतुक वर्ध्यात, मे महिन्यात, मी प्रथमच ऐकलं.

स्पर्धेत आमच्या नालवाडीतल्या एका बाईंची कादंबरी होती. त्या सेलूच्या शाळेत गणित शिकवत. नियमाप्रमाणे तीन प्रती द्यायच्या होत्या. तिसरी प्रत माझ्या घरी आणून देताना त्या दारातच थांबल्या.

"बक्षीस नको भाऊ," त्या म्हणाल्या. "फक्त प्रमाणपत्रावर 'अद्भुत' लिहून आलं पाह्यजे. शाळेत, घरी, सगळे म्हणतात, गणिताच्या बाईले काही सुचत नाई. मले सुचलं, एवढं कोणीतरी लिहून द्या."

त्यांना सुचलं होतं ते असं. आमच्याकडे वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, शेंदूर लावलेला दगड असतो, तो राखणदार. पेरणीआधी त्याला नारळ फोडतात. बाईंच्या कादंबरीत वावर विकलं जातं, तिथे प्लॉट पडतात, आणि राखणदाराला कोणी कळवत नाही. तो आपला फाटकी चप्पल घालून अर्धवट बांधलेल्या नाल्यांतून धुरा शोधत फिरतो. शेवटी तलाठ्याकडे जाऊन विचारतो, मी आता कोणाचं राखू? तलाठी त्याला उद्या यायला सांगतो. मी ते पान दोनदा वाचलं.

"उपप्रकार कोणता धरायचा?" त्या दुपारच्या बैठकीत प्राध्यापकांनी विचारलं. "यात दुसरं जग आहे का?"

"नालवाडी आहे," मी म्हणालो.

त्यांनी तक्त्यावरून बोट फिरवलं. नालवाडीकडे जाणारा बाण नव्हता.

तेवढ्यात गुरुजींनी डोळे उघडले. "मले एक सांगा सर, याच्यात काल्पनिक काय आहे?"

"राखणदार चालतो, बोलतो, गुरुजी."

"चालतोच तो. आमच्या वावरातला माह्या वडिलांनं पाह्यला होता. पण चप्पल नाई घालत. तेवढं बाईचं चुकलं. बाकी सगळं बरोबर लिवलं."

"अहो, पण ही कादंबरी आहे!"

"कादंबरी काऊन? ते वावर आम्हीबी विकलं न. प्लॉट पडून राह्यले तिथं." गुरुजींनी बाईंची प्रत मिटून ठेवली. मग म्हणाले, "त्याले सांगाचं राहूनच गेलं."

यावर वाद घालणं प्राध्यापकांना जमेना. पुस्तक 'माहितीपर लेखन' या विभागात हलवावं, असं ठरलं. मी विरोध नोंदवला, म्हणजे घसा खाकरला. अद्भुताचं पहिलं बक्षीस किल्ल्यावर बर्फ पडतो अशा एका कादंबरीला गेलं. तिच्या लेखकाने बर्फ फक्त रसवंतीत पाहिला होता. "शुद्ध महाद्भुत," प्राध्यापक म्हणाले.

समारंभानंतर बाई गल्लीत भेटल्या. प्रमाणपत्राची सुरळी हातात होती.

"म्हणजे मी हे रचलं नाई, असंच ना भाऊ?"

"गुरुजींना ते अगदी खरं वाटलं," मी म्हणालो.

"त्याईले वाटन. मले रात्री झोप नाई आली त्याच्यापायी, तीन वर्षं. खऱ्यासाठी एवढं लागते का?"

मी त्यांचं अभिनंदन केलं. त्यांनी सुरळी उलगडून मला दाखवली. माहितीपर विभागात त्या वर्षी ते एकच पुस्तक होतं. त्याला दुसरा क्रमांक मिळाला होता.