बाळ मोठे झाले तर

१९ जून १९३७, सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटे. धुळ्याच्या स्टेशनातून चाळीसगावची गाडी हलली तेव्हा मी घड्याळाकडे पाहिले, फलाटाकडे नाही. फलाटावर नाना, आई आणि माझी धाकटी बहीण यमू होती: वय पंधरा, सातवा महिना, पहिल्या बाळंतपणासाठी शिरपूरहून माहेरी आलेली. गाडी सुटण्यापूर्वी खिडकीचा गज धरून ती म्हणाली होती, "अक्का, तू आठेच ऱ्हाय ना. तुले बठ्ठं समजस." इथेच राहणे मला जमणार नव्हते; मुंबईत सोमवारी माझे डॉक्टरीचे नवे वर्ष सुरू होत होते. मी तिच्या हातात एक कागद ठेवला. रोज किती दूध, किती डाळ, कोणत्या लक्षणावर दवाखाना गाठायचा. कागद उत्तम होता. आजही त्यात काही बदलावेसे वाटत नाही.

चूक आठ दिवस आधीच झाली होती. देवपुरातल्या आमच्या घरी, कॉलेजातून आणलेल्या लोखंडी मापकाने मी यमूच्या कमरेच्या हाडांचे माप घेतले. चुलीपाशी बसलेली आई म्हणाली, "पाच पोरे व्हयनात माले, कोन्ही सुतार नही बलावा." यमू इतकी हसली की माप पुन्हा घ्यावे लागले. साडेसहा इंच. वर्गात शिकवतात तशा स्पष्ट आवाजात मी निष्कर्ष सांगितला: "हाडे अरुंद आहेत. बाळ मोठे झाले तर अडेल."

आमच्याकडे सातव्या महिन्यापासून गर्भारशीचे ताट हलके करतात. बाळ बारीक राहिले की सुटका सोपी, अशी समजूत. ती मला ठाऊक होती. माझ्या वाक्याने तिला शास्त्राचा आधार मिळाला, एवढे मात्र माझ्या ध्यानात आले नाही. दुसऱ्या दिवशी यमूच्या ताटात दोनऐवजी एक भाकरी होती. मी ती पाहिली. उन्हाने भूक मंदावली असेल, असे धरून चालले. मी गेल्यावर एकीची अर्धी झाली. नानांनी माझा कागद वाचून दाखवला, तेव्हा आई म्हणाली, "अक्कानी सोता सांगं, पोर मोठं व्हयनं ते अडी." हे मला पुढे यमूने सांगितले.

सप्टेंबरात नानांचे पत्र आले. यमू सुखरूप मोकळी झाली, काही अडले नाही. मुलगी. तू विचारले होतेस म्हणून वाण्याच्या तागडीत वजन केले: पावणेदोन शेर. बाळ चौथ्या दिवशी गेले.

वसतिगृहाच्या जिन्यात उभ्या उभ्या मी पत्र वाचले आणि शेरांचे पौंड केले: भरल्या बाळाच्या जेमतेम निम्मे. रडले असे लिहिता आले असते. रडले नाही, तीन वाजता प्रात्यक्षिक होते, तिथे गेले.

आता मी गिरणगावातल्या एका प्रसूतिगृहात काम करते. यमूच्या त्या वेळच्या वयाच्या मुली येतात. मागे आई नाहीतर सासू उभी असते. माप मी वहीत लिहिते, मोठ्याने वाचत नाही. आधी विचारते, "आज काय खाल्लंस?"

यमूला पुन्हा पाचवा महिना आहे. माहेराहून लिहिलेल्या पत्रात ती पांझरा नदीच्या पाण्यापासून शेजारच्या म्हशीपर्यंत सगळे कळवते. येशील का, हे विचारत नाही. मी न विचारता रजा मागितली आहे. शिकायला बाहेर पडलेल्या मुलींनो, घर म्हणजे आता मला ती जागा वाटते, जिथे आपले बोलणे तपासून न पाहता खरे धरतात.

यमूचे माप लिहिलेल्या जुन्या वहीत तिच्या नावापुढची शेवटची नोंद माझ्याच अक्षरात आहे. मुलगी. तीन पौंड साडेनऊ औंस.