माथ्यावरचं नाव

वडवणीत माझा कॉम्प्युटर क्लास आहे. ऋतुजा तिथली सगळ्यात हट्टी पोरगी. आईबाप ऊसतोडीला गेले की घर सांभाळायची, आणि उरलेल्या वेळात एका मुक्त सॉफ्टवेअरची माहितीपुस्तिका मराठीत आणायची. दोन वर्षांत चाळीस प्रकरणं केली. प्रत्येकाच्या माथ्यावर परवान्याचा मजकूर आणि त्याच्याच खाली तिचं नाव. काहीही बदला, पण करणाऱ्याचं नाव काढू नका, हा त्या परवान्याचा नियम मीच तिला शिकवलेला.

यंदा परवान्याचा मजकूर बदलला. चाळीस फायली एकेक उघडायचा मला कंटाळा आला. एका झटक्यात सगळीकडचा जुना मजकूर काढून नवा टाकला, त्यात तिचं नावही गेलं. नंतर तपासलंसुद्धा नाही! छापील प्रती वाटून झाल्यावर तिनंच दाखवलं.

"चुकलंच. पुढच्या वेळी घालू," मी म्हणालो.

ती रागावली नाही. म्हणाली, "सर, ऊसतोडीच्या मुकादमाच्या यादीत नवरा-बायको मिळून एकच कोयता म्हणून धरतात. नाव बापाचंच असतंय. आईनं इचारलं की मुकादमबी दरसाल हेच म्हणतो."