सरोजिनीबाईंनी वर केलेला हात

नेरूळच्या त्या इमारतीत सरोजिनीबाई राहायला आल्या त्याला तीस वर्षं होत आली. माहेर चिपळूणकडचं, सोवळंओवळं पाळणारं. नवरा जयप्रकाशराव रबाळ्याच्या कारखान्यात फिटर आणि युनियनचा माणूस. लग्नानंतर आठवड्याभरातच ते म्हणाले होते, "तुझ्या देवाला माझी हरकत नाही. मला फक्त आरतीला उभं करू नकोस." बाईंनी ते मान्य केलं. तरी संकष्टीला मार्केटातून दूर्वांची जुडी न सांगता तेच आणायचे, आणि संपात गेटवर बसलेल्या कामगारांसाठी पोळ्या लाटायच्या त्या बाईच. भांडण व्हायचं ते फक्त निवडणुकीत. दोघांची मतं कधी एका चिन्हावर पडली नाहीत.

गेल्या वर्षी खालच्या मजल्यावर इमॅन्युएल भाड्यानं राहायला आला. नायजेरियाचा, फार्मसी शिकणारा, उंचापुरा पण लाजरा. रविवारी सकाळी तो मोठ्यानं प्रार्थनेची गाणी म्हणायचा. कुजबुज सुरू झाली आणि सोसायटीची मीटिंग लागली. त्याला काढा, असं घरमालकाला कळवायचं ठरत होतं. जयप्रकाशराव उभे राहिले. माणसाचा हक्क, समानता, परदेशात शिकणारी आपली मुलं, सगळं बोलले.

"काका, भाषण नको," मागून कुणीतरी म्हणालं.

मग काढायच्या बाजूनं असलेल्यांना हात वर करायला सांगितलं. शेजारणींचे हात वर गेले, आणि त्यांच्यासोबत सरोजिनीबाईंचाही. इतक्या वर्षांचं येणंजाणं. चारचौघींना सोडून वेगळं कसं पडायचं?

घरी आल्यावर जयप्रकाशराव एवढंच म्हणाले, "तू पण?" मग दोन दिवस घरात फक्त टीव्ही बोलत होता.

तिसऱ्या दिवशी क्षिप्रा नावाची कॉलेजची मुलगी पाहणीचा फॉर्म घेऊन आली. "हेच प्रश्न बऱ्याच देशांत विचारतोय, काकू. माणूस किती धार्मिक आहे, त्याचं राजकीय मत काय, आणि त्याला चांगलं-वाईट कशावरून वाटतं, याचा काही संबंध आहे का ते बघायचंय."

बाई भराभर उत्तरं देत गेल्या. मोठ्यांचा मान? फार महत्त्वाचा. आपल्या माणसांना धरून राहणं? फार महत्त्वाचं. पावित्र्य? अर्थात. दुबळ्याला दुखवू नये?

"फार महत्त्वाचं," म्हणता म्हणता त्या थांबल्या. "अगं, पण आपल्या माणसांना धरून राहणं आणि हे, ही दोन एकमेकांच्या आड आली तर?"

"तेच तर सगळीकडे होतं, काकू," क्षिप्रा म्हणाली. "कोण काय सोडतं, तिथेच फरक पडतो."

ती गेल्यावर बाई खाली उतरल्या. इमॅन्युएलचं दार उघडंच होतं. अर्ध्या भरलेल्या बॅगेशेजारी तो गुडघ्यांवर बसला होता. समोर मोबाईलवर त्याची आई, डोक्याला रुमाल, डोळे मिटलेले, ओठ हलताहेत. भाषा बाईंना कळली नाही. लेक परगावी असला की आई देवाशी कशी बोलते, ते मात्र कळलं. त्या न बोलता माघारी फिरल्या.

संध्याकाळी सेक्रेटरींच्या घरी त्या गेल्या तेव्हा तिथे शेजारणीही बसल्या होत्या.

"त्या दिवशी वर केलेला माझा हात खाली धरा. पोर देवाचं नाव घेतंय म्हणून आपण त्याला घराबाहेर काढतोय. हे पाप आहे. ज्या हातानं काढलं त्याच हातानं मी नैवेद्य कसा दाखवू?"

मग पलीकडच्या यशोदाबाई हळूच म्हणाल्या, "माझापण खाली धरा." दुसऱ्या आठवड्यात पुन्हा मीटिंग झाली. परीक्षा होईपर्यंत मुलानं राहावं, गाणी सकाळी आठनंतर म्हणावीत, असं ठरलं.

"मी हक्क म्हणालो तेव्हा कुणी ऐकलं नाही," जयप्रकाशराव चहा ढवळत म्हणाले.

"तुमचं खरंच होतं हो. पण आम्हाला पाप म्हटल्यावर समजतं."

ते हसले. कितीतरी दिवसांनी.

पुढे एका रविवारी इमॅन्युएल जयप्रकाशरावांना आपल्या चर्चमध्ये घेऊन गेला. नको-नको म्हणत गेलेले ते थेट दुपारी परतले.

"काय केलंत तिथे?" बाईंनी विचारलं.

"मागे बसलो," चपला काढत ते म्हणाले. "आवाज फार छान आहे पोराचा."