कुंकू लावलेलं बूच

बुचाच्या बाबतीत मला कोणी अक्कल शिकवू नये. अमळनेरच्या कॉलेजात, रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत, माझी सगळी नोकरी बुचं भिजवण्यात, त्यांना भोकं पाडण्यात आणि अडकलेली काढण्यात गेली. म्हणूनच धुळ्याहून थोरल्या भावाचा, नानांचा, मला फोन आला. "वाइननी बाटली उघडानी शे. पण बूच बठ्ठं निंघाले पाहिजे, त्याना वरना कुंकूसकट." बठ्ठं म्हणजे अख्खं.

कुंकवाचं असं झालं. बऱ्याच वर्षांपूर्वी नानांनी नाशिकहून ही बाटली आणली. वरचं वेष्टण कापून ते उघडायला बसले, तेवढ्यात वहिनी आली. आमच्याकडे मिक्सर येवो की मोटरसायकल, नव्या वस्तूला आधी कुंकू लागतं. तिने उघड्या बुचावर कुंकवाचं बोट टेकवलं आणि मग विचारलं, यात काय शे? नाना खरं बोलले. झालं! "मी शे तवलोंग ही बाटली उघडानी नही," अशी स्वतः असेपर्यंतची ताकीद देत तिने ती गव्हाच्या कोठीमागे उभी करून ठेवली. मागच्या वर्षी वहिनी गेली.

दोन हत्यारं आणि सरावाला एक नवी बाटली पंच्यात गुंडाळून मी एसटीत बसलो. शेजारचा माणूस सारखा त्या गाठोड्याकडे बघत होता. बघ म्हटलं.

नवी बाटली मी स्क्रूने उघडली. फिरवत आत घातला, त्याचे पंखासारखे दोन्ही दांडे खाली दाबले, बूच वर. नाना खूश. "हाईच लाव ना जुनीले."

"नाना, डोकं चालवा जरा! स्क्रू मधोमध जातो, म्हणजे थेट कुंकवातून. आणि इतकी वर्षं उभ्या बाटलीतलं बूच वाळलेलं, त्याचा भुगाच होणार."

जुन्या बुचाला लागतात दोन पातळ पाती. बूच आणि काच यांच्या फटीत आधी लांब पातं, मग आखूड. डोलवत खाली न्यायची आणि पिळत वर ओढायचं. मधल्या भागाला धक्काही लागत नाही. बूच याच पात्यांनी परतही बसवता येतं, हे मी नानांना ऐटीत सांगितलं.

पाव तास गेला. बूच अखंड निघालं. आतून आंबूस वास आला, पण पिण्यासारखी असावी. मी पेला पुढे केला.

नानांनी बूच चष्म्याजवळ धरलं. कुंकू काळपट पडलं होतं, पण बोटाचा ठसा जसाच्या तसा. त्यांनी बूच माझ्या हातात दिलं.

"परत बसाडता येस ना? बसाड."

"अहो, एवढी खटपट कशाला केली मग?" मी चिडलोच.

"बसाड म्हनस ना मी. ती शे आजून."

मी बूच परत बसवलं. मग नवी बाटली आम्ही दोघांनी संपवली.