वाय की एन?

"दाबा ना वाय! कशाची वाट बघताय?" शिरसाट साहेब माझ्या खुर्चीमागे उभे राहून म्हणाले. ते आमचे यार्ड मॅनेजर.

बोट कीबोर्डवर होतं, पण दाबवत नव्हतं. स्क्रीनवर प्रश्न होता : खालील पॅकेजेस काढली जातील, चालेल का? वाय की एन, म्हणजे हो की नाही?

न्हावा शेव्याजवळच्या एका कंटेनर यार्डात मी सिस्टिम ॲडमिन आहे. एक्स्पोर्टचा प्रत्येक कंटेनर आमच्या वजनकाट्यावर चढतो आणि त्याचं वजन कॉम्प्युटरमधून थेट बंदराकडे जातं. ते पोचलं नाही तर बंदर कंटेनर घेत नाही. हे काम करणारा जुना सर्व्हर त्या सकाळी बंद पडला तो पडलाच. नवा शेजारी तयार होता, पण बदली पुढच्या महिन्यात ठरली होती. ती आता, गेट चालू असताना करायची वेळ आली.

खरी अडचण पॅकेज मॅनेजरची होती. एखादं सॉफ्टवेअर मागितलं की त्याला लागणाऱ्या सगळ्या गोष्टी शोधून आणून बसवणारा, नको ते काढणारा प्रोग्रॅम म्हणजे पॅकेज मॅनेजर. जुन्या सर्व्हरवरच्याचं नाव होतं यम. त्यावरून ऑफिसात व्हायचे ते सगळे विनोद होऊन गेले होते. नव्यावर ॲप्ट. एकाचं पॅकेज दुसऱ्याला चालत नाही, म्हणून गेटचा प्रोग्रॅम, म्हणजे वजन बंदराकडे पाठवणारा, मी ॲप्टसाठी नव्याने बांधून घेतला होता. पण त्याला एक लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा तुकडा, जुन्याच व्हर्जनची लागायची. काट्याच्या ड्रायव्हरला, म्हणजे काट्यावरचा आकडा वाचणाऱ्या प्रोग्रॅमला, तीच नवी हवी होती. वाय दाबलं तर काटा वाचता येणार, पण गेटचा प्रोग्रॅम जाणार.

"मग एन दाबा," साहेब म्हणाले.

"मग काटा बंद."

"म्हणजे आपण नुसतं बसून राहायचं?"

बसवत तर मलाही नव्हतं. मी उठून खिडकीपाशी गेले. ट्रेलरची रांग पार वळणापलीकडे गेली होती. तेवढ्यात नितीनचा फोन. माझा धाकटा भाऊ, त्याचा ट्रेलर त्याच रांगेत होता.

"काय झालंय गो ताई? रांग हालत न्हाय."

"सर्व्हर गेलाय. जरा थांब."

"किती थांबू? कोलंबीचा रीफर हाय माझ्याकडं. माल गार ठेवनाऱ्या जनरेटरचं डिझेल संपत आलंय. संध्याकाळचा कट-ऑफ हाय, त्यानंतर बंदर घेनार न्हाय. माझा एक तरी पुढं घे ना."

"पुढं घेऊन काय करू? काटाच बंद आहे. आणि चालू झाला तरी नंबरानेच येशील."

त्याने फोन कट केला. मी परत खुर्चीत बसले. वाय, एन, वाय, एन. मग वाटलं, या दोघांना एका घरात नांदवायचंच कशाला?

"साहेब, कंटेनर करते."

"कंटेनर? बाहेर आहेत ते कमी आहेत का?"

"सॉफ्टवेअरचा. नव्या मशीनमध्येच एक बंद खोली. आत जुनी सिस्टिम, जुना यम, बॅकअपमधला जुना गेटचा प्रोग्रॅम. बाहेर ॲप्ट आणि काट्याचा ड्रायव्हर. मध्ये वजन जाण्यापुरती एक खिडकी."

"चालेल?"

"माहीत नाही."

जुना प्रोग्रॅम खोलीत बसला, तेव्हा मी बाहेर वाय दाबलं. पहिल्यांदा चाललं नाही. भरलेला ट्रेलर काट्यावर उभा आणि स्क्रीनवर वजन शून्य. गेटवरून आरडाओरडा ऐकू येत होता. ती मधली खिडकी, म्हणजे नेटवर्कचा पोर्ट, सुरक्षेसाठी लावलेल्या फायरवॉलने अडवली होती. ती उघडली. आकडा हलला, थांबला. बंदराकडून 'मिळालं' असा मेसेज आला.

रांग सरकायला लागली. नितीन त्याच्या नंबराने आला आणि कट-ऑफच्या आत बंदरात शिरला. शेवटच्या काही ट्रेलरचं जहाज मात्र चुकलं, त्याचे मेल साहेबांना बरेच दिवस येत होते. नितीन आठवडाभर माझ्याशी धड बोलला नाही.

यम अजून त्या खोलीत आहे. त्याला काढायची घाई कोणालाच नाही. मी मात्र दोन गोष्टी शिकले. नव्या पॅकेज मॅनेजरवर बसवलेलं काहीही आधी खऱ्या काट्याला जोडून पाहायचं. आणि साहेब सर्व्हर रूममध्ये आले की त्यांच्या हाताला लागू नये म्हणून कीबोर्ड मांडीवर घ्यायचा.